मास्तरच्या रक्तातली साय

प्राण्यांच्या त्या दवाखान्यात तिला तोंडावर सगळे सिस्टर म्हणत आणि पाठीमागे फौजदारीण. तिला दोन्ही ठाऊक होतं. आपल्या पाठीमागे काय बोललं जातं हे ज्याला ठाऊक नसतं तो गाफील माणूस, आणि गाफील राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

अंगाने ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, एप्रनच्या एका खिशात थर्मामीटर आणि दुसऱ्यात बोथट टोकाची कात्री. कुत्र्यांना ती आवडायची. चावरं म्हणून दारातच बदनाम झालेलं कुत्रंही तिच्या हाताखाली निमूट पाय पुढे करायचं. कुत्र्यांच्या मालकांना मात्र तिच्यासमोर बसलं की उगाचच काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं.

"काय खायला दिलं होतं?" हा तिचा पहिला प्रश्न.

"काहीच नाही हो, सिस्टर. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"म्हणजे… आपलं साधंच."

"आणि त्या साध्यानंतर?"

मग माणूस चुळबुळ करायचा, बायकोकडे बघायचा, बायको छताकडे बघायची, आणि शेवटी कोंबडीचं तळलेलं कातडं नाहीतर वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम बाहेर पडायचं. "एवढंसंच दिलं हो," असं म्हणत दोन बोटांत इवलीशी जागा दाखवली जायची. सिस्टर मनातल्या मनात ती जागा चौपट करून घ्यायची.

घरीही तेच. तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तो संध्याकाळी दारातच हात वर करून उभा राहायचा. "घ्या झडती, मग आत येतो."

"हात खाली करा. विडीचा वास काखेतून नाही, तोंडातून येतो," ती म्हणायची आणि खरोखरच वास घ्यायची.

ती जन्मतः अशी नव्हती. नोकरीला नवी लागली तेव्हा कोणी 'काहीच नाही' म्हटलं की तिला ते खरं वाटायचं. एका सुशिक्षित कुटुंबाने उलट्या करणारं कुत्रं आणलं. काहीच खाल्लं नाही म्हणाले, शपथेवर म्हणाले. ते कुत्रं गेलं आणि नंतर पोटात मक्याचं अख्खं कणीस सापडलं. "अरे हो, ते कणीस!" असं त्या घरातला बाबा म्हणाला होता, छत्री विसरल्यासारखं. त्या दिवसापासून 'काहीच नाही' हे शब्द कानावर पडले की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री तर तिची खास. जठराच्या कुशीत हा लांबोडका अवयव असतो, अन्न पचवायचे रस तयार करतो. तो सुजला की ते रस बाहेर जायच्या आधीच जागे होतात आणि त्यालाच पचवायला लागतात. असं कुत्रं ती दारातून ओळखायची. पुढचे पाय जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर. घरचे म्हणायचे, आळस देतोय, खेळायला बोलावतोय. "खेळत नाहीये, कळ सोसतोय," ती म्हणायची आणि उचलून घ्यायची, पोटाखाली हात न लावता.

सलाईन, वेदनेवरचं आणि उलटीवरचं इंजेक्शन, हे डॉक्टर लिहून द्यायचे. त्यापुढचं सगळं तिचं. हिरडी बोटाने दाबायची आणि पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. पंजे गार आहेत का बघायचं. कुत्रं ओठांवरून उगाच जीभ फिरवतंय का, लाळ गिळतंय का, हे लांबून बघायचं, कारण जवळ गेलं की कुत्रंही शहाण्यासारखं वागतं. तिला मळमळणाऱ्या कुत्र्यासमोर वाटी ठेवलेली खपायची नाही. "आत्ता पुढ्यात ठेवाल तर हा त्या अन्नाशी जन्माचं वैर धरेल," ती म्हणायची. मळमळ थांबली की मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे पांढरे धागे, तेही किंचित कोमट करून, तळहातावर चमचाभर. त्यात चरबीचा थेंब नाही.

आणि तिचा हुकमाचा पत्ता म्हणजे नळी. दाखल करताना घेतलेलं रक्त नळीत घालून यंत्रात गरगर फिरवलं की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर, पारदर्शक पाणी राहतं. कुत्र्याने तेलकट खाल्लं असेल तर ते पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. उपाशी ठेवलं तर अर्ध्या दिवसात निवळतं. मालक 'कालपासून उपाशी आहे' म्हणाला आणि नळी पांढरी निघाली, की सिस्टर ती नळी उजेडात धरून त्याच्या नाकासमोर न्यायची. बहुतेक जण तिथेच विरघळायचे. आत्तापर्यंत नळीने तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

मास्तर दुसऱ्यांदा दाखल झाला तेव्हा तिने हेच केलं.

मास्तर म्हणजे एक राखाडी, आखूड पायांचा कुत्रा. झुपकेदार भुवया, चौकोनी तोंड आणि खाली हनुवटीवर दाढी. बघणाऱ्याला वाटावं, हा आता पाढे विचारणार. कुठल्याशा दाढीवाल्या जातीचा अंश त्याच्यात होता, पण नक्की कुठल्या ते कोणालाच माहीत नव्हतं. गाव सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी तो एका आजींकडे दिला होता. आजी मुलगा आणि सुनेबरोबर राहायच्या. मुलगा विमा कंपनीत होता. सून घरीच ऑर्डरचे केक करायची.

पहिल्या खेपेला मास्तर बरा होऊन घरी गेला होता, आणि जाताना सिस्टरने आजींना बजावलं होतं, चरबी म्हणजे विष. आता महिना-दीड महिन्यात तो पुन्हा पोट आवळून, पुढचे पाय टेकून दारात उभा होता.

"काय दिलं होतं?"

"तुम्ही सांगितलं तेच, बाई. काल सकाळपासून तर तेही नाही. पाण्याला सुद्धा तोंड लावलं नाही त्याने."

नळी फिरली. पाणी पांढरंफटक, वर सायीसारखा पातळ थर. सिस्टरने ती खिडकीकडे धरली. "आजी, हे बघा. कालपासून उपाशी कुत्र्याची नळी अशी निघत नाही. काहीतरी दिलंय."

"नाही हो."

"आई, आठव ना जरा," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात दमलेपणा होता. सून म्हणाली, "मी सांगून सांगून थकले. टेबलावर काही राहिलं की आईंचा हात लागलीच खाली जातो."

"माझा हात?" आजींनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू तो त्यांना न विचारता कुठे जाऊन आला होता.

डॉक्टर तरुण होते आणि बाहेर रांग लागली होती. त्यांनी नळीकडे एक नजर टाकली. "तेलकटच काहीतरी. सिस्टर, नेहमीप्रमाणे," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी आजी मास्तरला भेटायला आल्या आणि स्वतःहून म्हणाल्या, "दिलं असेल मी. पावाचं टोक. लोणी लावलेलं."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे दिलंच."

तिसऱ्या दिवशी त्या पावाच्या टोकाचं बिस्कीट झालं होतं. त्यानंतर दोन्ही.

बाहेर पडताना मुलाने सिस्टरला बाजूला घेतलं. "आईला हल्ली विसरायला होतं, सिस्टर. आम्हाला आधी वाटत नव्हतं, पण हे बघून खात्री पटली. पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि मास्तरला माझ्या एका मित्राकडे देऊन टाकतो. तिच्या जवळ ठेवला तर ती त्याला मारून टाकेल, प्रेमाने."

"बरोबर करताय," सिस्टर म्हणाली. ती खरंच तसं म्हणाली.

पण त्या संध्याकाळी मास्तरची सलाईनची सुई बदलताना तिचं डोकं दुसरीकडेच होतं. लबाड माणसं तिने आयुष्यभर ऐकली होती. लबाड माणूस कमी करून सांगतो, एवढंसंच म्हणतो. ही बाई रोज वाढवून सांगत होती. दिलं असतं तर एका जागी ठाम राहिली असती, एक टोक तर एक टोक. हिच्या कबुलीत कुठेतरी पाणी मुरत होतं. न केलेला गुन्हा माणूस का कबूल करतो? दुसऱ्या कोणाला तरी वाचवायला. आणि घरात लोण्याचे डबे कोणाच्या हाताखाली असतात? सुनेच्या.

सिस्टरला एकदम हुशारी आली. कुत्र्याचा वैद्यकीय इतिहास आता चोरीचा तपास झाला होता, आणि त्यात ती रमली.

तिने एक बेत आखला. मास्तरची कळ थांबली होती, तो तळहातावरचा भात खात होता, शेपटीही एकदा-दोनदा हलली होती. रात्रभर त्याला उपाशी ठेवायचं, सकाळी नळी काढायची. ती स्वच्छ निघेल. मग ती स्वच्छ नळी आणि आधीची पांढरी नळी अशा दोन्ही घरच्यांपुढे शेजारी शेजारी ठेवायच्या आणि सुनेच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिने पिंजऱ्याला स्वतःच्या घरचं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

सकाळी नळी फिरली. पांढरी.

सिस्टर तशीच साफसफाईच्या मावशींकडे गेली. मावशी फरशी पुसत होत्या.

"मावशी, मास्तरला काही दिलं का?"

"कुलपातून?"

"जाळीतून बोट जातं. तुकडाही जातो."

मावशींनी पुसणं बादलीत आपटलं. "सिस्टर, मी माझ्या डब्यातलं माझ्या नवऱ्याला देत नाही, तुमच्या मास्तरला देईन? वास घ्यायचाय हाताचा? घ्या. फिनेल आहे."

सिस्टरने वास घेतला. फिनेलच होतं. मावशी तिच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत, आणि औषधांच्या कपाटाजवळची फरशी पुसायची राहून गेली ती राहूनच गेली.

पण सिस्टरचा संशय असा तसा मिटणारा नव्हता. दवाखान्यात माणसं येतात-जातात, कोणाचा भरवसा धरायचा? दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. डॉक्टरांना विचारून तिने मास्तरला सरळ आपल्या घरी नेलं. दुपारी त्याला चमचाभर भात दिला आणि मग स्वयंपाकघराला कडी घातली.

नवरा कामावरून आला आणि सवयीने हात वर केले. समोर भुवया उंचावून मास्तर बसला होता. "आज झडती हे घेणार का?"

"अहो, थट्टा नको. ह्याच्यासमोर काहीही खायचं नाही. घरात चरबीचा कण दिसता कामा नये."

"मग मी कुठे खाऊ?"

"जिन्यात."

आणि त्या सज्जन माणसाने खरोखर जिन्यात उभं राहून पाव खाल्ला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जाता-जाता विचारलं, "भांडण झालं का हो?" तो म्हणाला, "नाही, पाहुणे आलेत." परत आल्यावर त्याने साबणाने हात धुतले आणि सिस्टरपुढे धरले. मास्तरने त्या हातांकडे बघितलंही नाही. तो सिस्टरच्या पायाशी अंगाचं मुटकुळं करून झोपला, आणि तिने त्याला रात्रभर हलू दिलं नाही.

सकाळी दवाखान्यात तिने स्वतः रक्त काढलं, स्वतः यंत्र लावलं, ते थांबेपर्यंत झाकणावर हात ठेवून उभी राहिली. नळी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

पांढरी. वर सायीचा थर.

ती स्टुलावर बसली. घरात ती होती, नवरा होता आणि मास्तर होता. नवऱ्यावर संशय घ्यावा तर तो जिन्यात. आता संशय घ्यायला तिच्याखेरीज कोणी उरलं नव्हतं. आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाण्याला सुद्धा तोंड लावलं नाही त्याने. समजा, नुसतं समजा, ते अक्षरशः खरं असेल तर?

"डॉक्टर," ती म्हणाली, "ह्याने काहीच खाल्लेलं नाही."

"कशावरून?"

"माझ्यावरून."

डॉक्टरांनी नळी हातात घेतली. मग पिंजऱ्याजवळ गेले, उकिडवे बसले आणि पहिल्यांदाच मास्तरचं तोंड नीट बघितलं. भुवया, दाढी, चौकोनी हनुवटी. "अरे देवा," ते पुटपुटले. "ह्याच्यात श्नाउझर असणार. त्या जातीत काहींना हे जन्मतःच असतं. रक्तातली चरबी हटतच नाही, उपाशी ठेवा नाहीतर काही करा. आणि त्यानेच स्वादुपिंड पुन्हा पुन्हा सुजतं."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"परीक्षेत लिहिलंय मी हे, सिस्टर. चांगलं पानभर." ते उठले. "तुम्ही नळी दाखवून खाल्लंय म्हणालात, ते मला पटलं, आणि मी पुढे विचारच केला नाही. घरी सोडताना आपण नळी पुन्हा फिरवत नाही. फिरवली असती तर पहिल्याच खेपेला कळलं असतं."

लॅबचं उत्तर दुपारी आलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक, चरबी अफाट. डॉक्टरांनी चरबी उतरवायचं औषध आणि त्याहून कडक पथ्याचं अन्न लिहून दिलं. मास्तर आता बरा होता, घरी जाऊ शकत होता. घरी म्हणजे कुठे, ह्याचं उत्तर सिस्टरला ठाऊक होतं. मुलगा सकाळीच फोनवर म्हणाला होता, "आईकडे देऊ नका, उद्या मित्रच येऊन नेईल. उद्याच आईच्या डॉक्टरांची वेळही आहे, एकाच दिवसात सगळं उरकतं."

तिने एप्रन काढला, मास्तरच्या गळ्यात पट्टा घातला आणि निघाली. बसमध्ये बसायला जागा होती, पण ती उभीच राहिली.

दार आजींनीच उघडलं. मास्तर झेप घेऊन त्यांच्या पायांत घुसला, पण आजी त्याच्याकडे वाकल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि सिस्टरकडे बघितलं.

"आता काय केलं मी?"

सिस्टरने असा प्रश्न कधी ऐकला नव्हता. प्रश्न विचारायचं काम नेहमी तिचं असायचं.

"काही नाही केलं. तेच सांगायला आलेय. घरात सगळे आहेत का?"

मुलगा बाहेर आला, सून पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी राहिली. सिस्टरने उभ्या उभ्याच सांगितलं. कुलूप सांगितलं, किल्ली सांगितली, नवऱ्याला जिन्यात जेवायला लावलं तेही सांगितलं. कोणी हसलं नाही.

"म्हणजे आईने काहीच दिलं नव्हतं? नक्की?" मुलाने विचारलं.

"नक्की."

"गेल्या वेळीही तुम्ही असंच ठामपणे बोलला होतात." तो डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होता. पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याकडे तसं बघत होतं, जसं ती मालकांकडे बघायची. "कशावरून आज चूक होत नाही तुमची?"

"गेल्या वेळी नळी पांढरी दिसायच्या आधीच मी कारण तयार ठेवलेलं होतं," सिस्टर म्हणाली. "या वेळी ते कारण मीच बंद करून ठेवलं होतं, तरी ती पांढरी निघाली. लॅबचा कागद आणलाय. डॉक्टरांना फोन करा. वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, हरकत नाही."

सून हळूच म्हणाली, "मग टेबलाखाली हात जायचा तो…"

"तुम्ही पाहिलंत का? डोळ्यांनी?"

सून पिठाचे हात एकमेकांवर घासत राहिली. "आधी जायचा," ती शेवटी म्हणाली. "पहिल्या आजारपणाआधी. नंतरचं… नाही पाहिलं."

आजी अजून हात पाठीमागे धरून उभ्या होत्या. "मग मी दिलं असं का म्हणाले मी?"

"आम्ही सगळे म्हणत होतो म्हणून."

"तसं नाही, बाई. मला ते टोक दिसायला लागलं होतं. डोळे मिटले की समोर. लोण्यावर सुरीच्या रेघा सुद्धा दिसायच्या." त्यांनी एकदा डोळे मिटून पाहिले. "मला वाटलं, आता माझं डोकं मला न विचारता चालायला लागलं."

"तुमचं डोकं ठीक होतं. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं ते शब्दाला शब्द खरं होतं. माझ्या डोक्यात बसलं होतं की माणसं खोटंच बोलतात. चूक माझी आहे, आजी. आणि मास्तरला मित्राकडे द्यायचं ह्यांनी सांगितलं तेव्हा मी बरोबर करताय म्हणाले, तीही चूक माझीच."

आजींनी हात पुढे आणले. मास्तरच्या डोक्यावर एक हात ठेवला, आणि दुसऱ्याने मुलाकडे बोट केलं.

"तो उद्याचा डॉक्टर रद्द कर."

"आई, नुसती तपासणी आहे. एकदा बघून घ्यायला काय हरकत…"

"बघेन. मला वाटेल तेव्हा बघेन. कोणाच्या नळीवरून नाही. आणि त्या मित्रालाही सांग, यायचं नाही. आधी डॉक्टरचा फोन लाव. माझ्यासमोर."

मुलाने मोबाइल काढला, त्यावर दोन-चारदा बोट फिरवलं आणि कानाला लावला. "हॅलो, हो, उद्याची वेळ…" तो खिडकीकडे तोंड करून बोलू लागला. सिस्टर दारातच उभी होती, पट्टा अजून तिच्याच मुठीत होता. त्याचं बोलणं तिला जरा जास्तच भरभर वाटलं. मध्ये पलीकडच्या माणसाला बोलायला उसंतच नव्हती.

"स्पीकरवर लावा," ती म्हणाली.

मुलगा वळला. तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग मोबाइल कानापासून काढला, खरोखरच नंबर शोधला आणि लावला. घंटी सगळ्या खोलीत ऐकू आली. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, तिने नाव विचारलं, वेळ विचारली, आणि म्हणाली, "ठीक आहे, रद्द केली."

तेव्हा सिस्टरने मूठ उघडली आणि पट्टा आजींच्या हातात दिला.